पानमळा आणि माझ्या चपला

दिवाळीच्या सुट्टीत सातारा-सांगलीकडे चाललो आहे असं शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात विचारलं, "महाबळेश्वर का?" मी म्हटलं, "नाही, उंब्रज. आणि तिथून पुढे मिरजेच्या पूर्वेला."  त्यावर भूगोलाचे सर म्हणाले की तिकडे बघण्यासारखं काही नाही. एकदा त्यांची गाडी त्या बाजूने गेली होती आणि उन्हामुळे त्यांनी खिडकी लावून घेतली होती. भूगोल शिकवणाऱ्याने खिडकी लावून घ्यावी याचं मला फार हसू आलं. पण खरं सांगायचं तर निघताना माझ्याही मनात फारसं वेगळं नव्हतं. दोन दिवस हवापालट आणि भाकरी, एवढीच माझी अपेक्षा होती.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवतो. मला समजावून सांगायची खोड आहे. समोरच्याने विचारलेलं नसलं तरी मी सांगतो, आणि समोर कोणी नसलं तर कुसुम असते. कुसुम म्हणजे माझी पत्नी. पंधरा वर्षं तिने माझं शास्त्र भाजी निवडता निवडता ऐकलेलं आहे. या प्रवासासाठी मी मुद्दाम नव्या चपला घेतल्या होत्या, चामडी पट्ट्यांच्या, जाड रबरी तळाच्या. तळाला खोल खाचा होत्या. रानात पाय घसरत नाही तो या खाचांमुळे, हेही मी कुसुमला दुकानातच समजावलं होतं. पुढे जे झालं ते या चपलांमुळे, म्हणून त्यांची ओळख आधी करून दिली.

उंब्रज

आम्हाला बोलावलं होतं सुभेदारांनी. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्या शाळेत कवायत शिकवायला आले, आणि गेली चार वर्षं दर दिवाळीला "मास्तर, गावाकडं चला की" म्हणून मागे लागले होते.

उंब्रजला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात ऊस होता, छपरावर ऊस होता, बैलांच्या तोंडात ऊस होता. घराघरात एक पत्र्याची काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि फौजेतला नंबर. भिंतीवर देवाच्या शेजारी वर्दीतला फोटो. म्हातारी माणसंसुद्धा बोलता बोलता "फालतू बात नको" असं म्हणायची आणि पुढच्या वाक्यात शुद्ध गावरान बोलायची. उडदाचं घुटं मी तिथे पहिल्यांदा खाल्लं. आमच्याकडे वरण पानात आपली जागा धरून बसतं. घुटं भाकरीच्या मागे ताटभर पळतं. तीन भाकऱ्या झाल्यावर मी हात धुवायला उठलो, तर सुभेदारांच्या पत्नीने अर्धी आणखी वाढून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी नदीच्या काठावर बसलो असताना सुभेदार म्हणाले, "मास्तर, माझी थोरली भैन हाय मिरजंच्या पल्याड. तिचा पानमळा बघा एकदा. म्हाबळेश्वर इसरून जाशीला."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. आक्काचे यजमान, बापू, गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास वारले. मुलगा फौजेत, आसामकडे. घरचा पानमळा वीस-बावीस वर्षांचा. त्या भागात खाऊच्या पानाच्या मळ्यात बाईमाणसाने पाऊल टाकू नये असं मानणारी पुष्कळ घरं आहेत. वेल सोवळी असते, बाईची सावली तिला सोसत नाही म्हणतात. पण बापूंना छातीचा आजार झाला तेव्हा शेवटची दोन वर्षं मळा आक्कानेच सांभाळला, आणि गावाला वाटत होतं की बापू सांभाळताहेत. बापू गेल्यावर ते उघड झालं. भावकीने बसून ठरवलं की एक वर्ष बघू. दिवाळी झाली की मळा बघायला येऊ. वेली धड असल्या तर राहू दे तिच्याकडे, नाहीतर धाकटा दीर तात्या करील.

"तात्या मानूस वाईट न्हवं," सुभेदार म्हणाले. "पर मळा गेला तर आक्का कुटं बसंल?"

आक्काला जमीन होती, घर होतं, मुलाचं पत्र येत होतं. मला तो प्रश्न तेव्हा नीट समजला नाही.

मिरजेच्या पुढे

सुभेदारांच्या पाहुण्यांच्या एका जुन्या जीपमधून आम्ही निघालो. मिरज मागे पडली आणि ऊस संपला. हळूहळू संपला असं नाही. एका ओढ्याच्या अलीकडे होता आणि पलीकडे नव्हता. समोर नुसतं माळरान, त्यावर मधूनच काळा खडक, कुठे एखादी बाभळ, आणि बाकी सगळं आभाळ. इतकं आभाळ मी एका वेळी पाहिलेलं नव्हतं. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, आणि नुकताच परतीचा पाऊस पडून गेल्यामुळे माळावर बोटभर गवताची पिवळी झाक होती. मेंढरांचा एक कळप लांबवर चालला होता, तो मैलभर अंतरावरून दिसत होता आणि अर्धा तास दिसत राहिला. कुसुम म्हणाली, "इथे माणूस खोटं बोलत नसेल. लांबूनच दिसेल." भूगोलाच्या सरांनी खिडकी कशाला लावली असेल ते मला आता अजिबात कळेना.

वाटेत जीपचं चाक पंक्चर झालं. सुभेदार आणि गाडीवाले चाकाशी झटत होते. रस्त्याच्या कडेला एक वाळलेला पानमळा होता. शेवरीची झाडं उभी, पण त्यांवरच्या वेली काळ्या दोऱ्यांसारख्या लोंबत होत्या. माणूस कोणी नव्हतं, कुंपण पडलेलं होतं, आत पावसाचं पाणी साचून राहिलं होतं. मी अर्थातच आत गेलो. एक वेल मुळासकट उपटली. मूळ काळं, लिबलिबीत, कुजलेल्या कांद्यासारखा वास. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या कुसुमला मी मूळकुजीवर छोटंसं व्याख्यान दिलं आणि ते मूळ शाळेत मुलींना दाखवायचं म्हणून रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. बाहेर आलो तेव्हा चपलांच्या खाचा चिखलाने गच्च भरल्या होत्या. पाय मात्र घसरला नव्हता, हे मी तिच्या नजरेस आणून दिलं.

आक्काचं गाव

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आक्काने तसं सांगितलं नाही, पण हे वाचून कोणी माझ्यासारखाच उठून जाईल, याची मला धास्ती वाटते.

आक्का उंच, काटक, पन्नाशीची बाई. बोलणं थोडं. गाव सीमेला लागून, त्यामुळे दारावर आलेल्या बांगडीवाल्याशी ती कानडीत बोलली आणि लगेच वळून आमच्याशी मराठीत. प्रवास कसा झाला म्हणून तिने विचारलं, तर कुसुमने पंक्चरची आणि माझ्या वाळलेल्या मळ्यातल्या संशोधनाची सगळी हकिकत खुलवून सांगितली. आक्का हसली नाही. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "पावणं, चपला त्या लिंबाखाली काडून ठिवा. आन हितनं जाईस्तवर तितंच ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं, घर सारवलेलं आहे म्हणून सांगत असेल.

संध्याकाळच्या आधी तिने आम्हाला मळ्यात नेलं. माळाच्या एका खोलगट भागात विहीर, आणि तिच्या बाजूला चारी बाजूंनी उसाच्या पाल्याचे कूड बांधलेला एक मोठा चौकोन. बाहेरून काहीच दिसत नाही. कुडाला एक बुटकं दार, दाराशी पाण्याने भरलेला रांजण. आक्काने आधी स्वतःचे पाय घोट्यापर्यंत धुतले, मग सुभेदारांनी, मग आम्ही. मग वाकून आत गेलो.

त्या क्षणाचं वर्णन मी पुण्यात अनेकांना करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी फसलो. बाहेर लखलखीत, रखरखीत माळ, आणि एका पावलात गारवा. पाय ओल्या, मऊ मातीत. शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या सरळ ओळी, आणि प्रत्येक झाडावर खालपासून वरपर्यंत पानांची वेल, पानावर पान. वरून येणारं ऊन हिरवं होऊनच खाली पोचत होतं. कुसुमची पांढरी साडी हिरवी दिसत होती, माझे हात हिरवे दिसत होते. वारा नाही. पानांचा तो तिखट, थंड वास. आम्ही सगळे आपोआप हळू आवाजात बोलू लागलो, आणि मी तर बराच वेळ बोललोच नाही. हे तारीखवार लिहून ठेवायला हवं, असं कुसुम नंतर म्हणाली.

आक्काने एका वेलीचा बुंधा उकरून दाखवला. दर वर्षी वेल झाडाच्या शेंड्याला पोचली की तिला उतरवतात, खालची पानं काढतात, आणि वेटोळं करून मातीत पुरतात. फक्त शेंडा वर ठेवतात, तो पुन्हा चढतो. म्हणजे डोळ्यांना दिसते ती यंदाची वेल, आणि खाली प्रत्येक झाडाच्या पायाशी वीस वर्षांची वेटोळी एकावर एक निजलेली.

"लेक झाला त्या सालाची ही," ती म्हणाली. "वरची वेल पान देती. खालची तिला धरून हाय."

मी वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस. वर्गात वेल, खोड, मूळ असे तीन शब्द फळ्यावर लिहून मोकळा होतो. आपण काय शिकवत होतो इतकी वर्षं, असं त्या खड्ड्याकडे बघताना माझ्या मनात आलं, आणि ते बरं वाटलं नाही.

परतताना माझ्या तळव्यात पांगाऱ्याचा काटा गेला. आक्काने सुईने काढून दिला. अनवाणीच का जायचं, असं मी विचारलं. "रीतच हाय," ती म्हणाली. मी जेवताना कुसुमला समजावलं की पानाला चपलेचा विटाळ होतो ही समजूत आणि बाईचा विटाळ होतो ही समजूत या एकाच माळेतल्या आहेत, आणि दोन्ही सारख्याच टाकाऊ आहेत. तिने माझ्या पानात आणखी भाकरी वाढली.

पहाट

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला जाग आली. त्या हिरव्या उजेडात सकाळचं ऊन कसं उतरतं ते बघायची मला अनावर इच्छा झाली. घरात सगळे आपापल्या कामात होते. तळवा ठणकत होता. मी लिंबाखालच्या चपला पायात घातल्या आणि मळ्याकडे गेलो. दाराशी एकदा थांबलो, हे कबूल करतो. मग वाकून आत शिरलो. रांजणातलं पाणी फार गार होतं, म्हणून पाय धुतले नाहीत.

ऊन खरोखरच अद्भुत उतरत होतं. पूर्वेच्या कुडाच्या फटींतून तिरप्या रेघा येत होत्या आणि ज्या पानावर पडतील ते पान पेटल्यासारखं उजळत होतं. मी कोपऱ्यातल्या पाटाच्या कडेला तासभर बसलो. उठताना चपलांचा वाळलेला चिखल जड वाटला, म्हणून पाटातल्या दगडावर घासून तळ स्वच्छ केले. पाणी वाहतं होतं. आलो तसा परत गेलो आणि चपला लिंबाखाली ठेवल्या. कोणी पाहिलं नव्हतं.

दुपारी पाहतो तर माझ्या चपला कोणीतरी धुऊन उन्हात उलट्या घातलेल्या, पट्ट्यांवर फिक्कट निळे डाग. मी गहिवरलो. पाहुण्याच्या चपलासुद्धा धुतात, असा पाहुणचार आमच्या पुण्यात कुठे, असं मी कुसुमला म्हटलं. माझ्या वहीत तशी नोंदही केली. आक्का तेव्हा मळ्यात होती. मी गेलो (या वेळी अनवाणी) तर ती एकटी कुदळीने नवा पाट काढत होती. कोपऱ्यातल्या जुन्या पाटाचं तोंड मातीने बंद केलं होतं आणि वरच्या अंगाने, चढावरून, पाणी फिरवत होती. मी तिला उताराचा नियम समजावला. जुना पाट उताराला बरोबर आहे, नव्याला उगाच दुप्पट श्रम पडतील, असं चित्र काढून सांगितलं. ती कुदळीवर रेलून सगळं ऐकत होती. "व्हय," म्हणाली, आणि पुन्हा खणू लागली.

दोन दिवसांचे दहा

दोन दिवसांसाठी आलेलो आम्ही दहा दिवस राहिलो. सकाळी हुलग्याचं माडगं मिळे. पहिल्या दिवशी मी ते औषधासारखं प्यायलो आणि चौथ्या दिवशी मागून घेतलं. प्रत्येक जेवणानंतर मळ्यातलं पान. पुण्यात आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातलं पान खातो आणि त्याला कात, सुपारी, गुलकंद कसा लागतो यावर वाद घालतो. इथे आल्यापासून कळलं की मुळात पानालाच चव असते.

कुसुमने पान खुडायला शिकून घेतलं. अंगठ्यात पत्र्याचं धारदार नख घालायचं, देठ त्या नखाशी दाबायचा, पान हातात येतं; वेलीला हिसका बसता कामा नये. आक्काचा हात इतका चाले की नुसता टकटक आवाज येई आणि पानं डाव्या हातावर आपोआप रचली जात. कुसुमने पहिल्या दिवशी चार पानं फाडली. सहाव्या दिवशी आक्का तिला म्हणाली, "जमलं गं बाई तुला." मला बक्षीस समारंभात कोणी शाल घातली असती तरी माझी बायको इतकी खूश झाली नसती. त्या दिवशी दोघी मळ्यातून हसत बाहेर आल्या, आणि सुभेदारांचा प्रश्न मला तेव्हा समजला. घरात आक्का उभी असे, वाकत असे, वाढत असे. बसत असे ती फक्त मळ्यात.

भावकी

नवव्या दिवशी संध्याकाळी आक्का मळ्यातून आली आणि कंदील घेऊन पुन्हा मळ्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी आली: तात्या, आणखी दोघे, आणि नाना म्हणून सगळ्यांत वडीलधारे, ज्यांचा स्वतःचा मळा गावात सर्वांत जुना होता. सगळ्यांनी पाय धुतले, आत गेले. मागोमाग सुभेदार, मी, आणि पाहुणी म्हणून कोणी अडवलं नाही अशी कुसुम. आक्का दाराशीच उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून.

मळा लखलखत होता. ओळीमागून ओळ बघत ते चालले, नानांनी दोनदा मान हलवली. मग कोपरा आला. पाटाच्या कडेच्या अकरा वेली माना टाकून उभ्या होत्या. खालची पानं शिजवल्यासारखी काळपट. तात्याने एकीचा बुंधा उकरला, बोटाने मूळ चिमटलं. मूळ काळं, लिबलिबीत होतं. तो वास माझ्यापर्यंत आला. मी शास्त्र शिकवतो. दोन आणि दोन मला करता येतात. तो दगड तिथेच होता, ज्यावर मी तळ घासले होते. त्या दगडापासून सुरुवात झाली होती.

तात्या नानांकडे बघून शांतपणे म्हणाला, "म्या आदीच बोललो हुतो. वैनी राबत्यात, न्हाई म्हनत न्हाई. पर बाईमानसाचा वावर येलीला सोसत न्हाई."

 सुभेदारांनी मान खाली घातली. दाराशी आक्का तशीच उभी होती. तिचा चेहरा पदरात होता. मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही कधी कळलं नसतं, असं तेव्हा मला वाटलं. मोजून चार-पाच श्वास मी गप्प राहिलोही. ती लाज अजून माझ्याजवळ आहे.  कुसुम माझ्या पायांकडे बघत होती.

"हे मी केलं," मी म्हणालो.

एकदा तोंड उघडल्यावर सगळंच सांगितलं. वाळलेला मळा, चिखल, चपला, पहाट, दगड. घरी जाऊन पिशवीतला रुमाल घेऊन आलो आणि नानांपुढे सोडला. त्या मुळाचा आणि या मुळाचा रंग एक, वास एक. नानांनी दोन्ही नाकाशी नेली. मग मला विचारलं, "मास्तर, चपला घालून जायची न्हाई, हे तुमाला ठावं न्हवतं?"

"आक्कांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

सुभेदार माझ्याकडे बघत होते. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. नाना मात्र माझा विचार सोडून वाकले होते. अकरावी वेल आणि बारावी वेल यांच्यामध्ये काय आहे ते बघत होते. बारावी टवटवीत होती. तिच्यापुढच्या सगळ्या टवटवीत होत्या. नानांनी बंद केलेलं पाटाचं तोंड बघितलं, मग चढावरून फिरवलेला नवा पाट बघितला, त्याच्या काठाकाठाने शेवटपर्यंत चालत जाऊन आले.

"हे पानी कवा तोडलं?" त्यांनी दाराकडे वळून विचारलं.

"पावणं आत जाऊन आल्यालं, त्याच दिशी," आक्का म्हणाली. "चिखलात पाय उमटल्यालं दिसलं. खाचांचं हुतं. त्या वाळल्याल्या मळ्यातनं आल्यात म्हनून मास्तरांच्या मंडळी बोलल्याच हुत्या. पानी फुडं गेलं असतं तर समदा मळा गेला असता. अकरा येली गेल्या त्या गेल्या."

तात्याने कोपऱ्याकडे बघितलं, नव्या पाटाकडे बघितलं, आणि मातीने भरलेली बोटं धोतराला पुसता पुसता तो मध्येच थांबला. मग त्याने ती पुसली नाहीत.

नाना बाहेर आले. मळ्यात जाताना पाय धुतात, येताना कोणी धूत नाही. नानांनी रांजणातून तांब्या भरून घेतला आणि घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश पाय धुतले. त्यांना आपल्या मळ्यात जायचं होतं. तात्याने धुतले. मागच्या दोघांनी धुतले. मग नाना म्हणाले, "पानी कुटं तोडायचं हे जिला कळतंय, तिच्याच हातात मळा ऱ्हाऊ द्या." आणि तात्याला म्हणाले, "तूबी जरा शिकून घे तिच्याकडनं."

निघताना

त्या अकरा वेली आक्काने आणि तात्याने मिळून उपटल्या आणि माळावर नेऊन जाळल्या. माझा रुमालही त्यात टाकला. मी खड्ड्यांत चुना टाकायला मदत केली. वीस वर्षांची वेटोळी निघत होती, एकाखाली एक, खोल, आणि प्रत्येक काढताना आक्का ती हातावर घेऊन क्षणभर थांबत होती. मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही, शब्द काही धड आले नाहीत.

निघायच्या दिवशी लिंबाखालून चपला उचलल्या तेव्हा निळ्या डागांचा उलगडा झाला. मोरचुदाचं पाणी. वेलीवर रोग पडला की मारतात ते. आक्काने माझ्या चपला पाहुणचार म्हणून धुतल्या नव्हत्या.

जीप उभी होती. मी तिला विचारलं, "आक्का, त्याच दिवशी मला बोलला का नाहीत? आणि तात्या बोलत होते तेव्हा तरी?"

 ती म्हणाली, "आवं, पावण्याला कसं लाजवायचं? आन बोलले असते, तर चपलंनं काय हुत न्हाई हे तुमी मला पटवून दिलं असतं. तुमी मास्तर. मला तुमच्यावानी बोलता येत न्हाई. पानी तोडता येतं. ते तोडलं."

सुभेदारांनी जीप सुरू करायला सांगितली. माळावर खूप वेळ तो कुडाचा चौकोन मागे दिसत राहिला, आणि दारातली उंच बाई. कुसुम म्हणाली होती ते खरं, तिथे सगळं लांबून दिसतं.

पुण्याला येऊन आता चार महिने झाले. सुभेदार पहिला महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत. परवा त्यांनी आक्काने पाठवलेली पानांची करंडी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि कवायतीला गेले. त्या अकरा जागी नव्या वेली लावल्यात आणि त्यांना पाणी तात्या घालतो, असं आतल्या चिठ्ठीत आक्काच्या मुलाने लिहिलं होतं. मुलगा रजेवर आलेला दिसतो.

त्या चपला मी अजून वापरतो. डाग जात नाहीत आणि मी घालवायचा प्रयत्नही करत नाही. वर्गातल्या मुली विचारतात, सर, शाई सांडली का? आधी मी हो म्हणून वेळ मारून नेत असे. गेल्या आठवड्यात मूळ आणि खोड हा धडा आला, तेव्हा चपला वर्गाच्या दाराबाहेर काढल्या, अनवाणी आत गेलो आणि मुलींना सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर समजावून काही सांगितलं नाही. तास संपायला बराच वेळ होता, पण मी खुर्चीत बसून राहिलो.